उभं राहिलं की

आडवी असले की मी शहाण्णव.
उठून बसले की ब्याऐंशी.
बोटाचा चिमटा सांगतो,
लाल आकड्यांत, तोंडावर, भीड न ठेवता.

चार महिने कुणाचा विश्वास बसला नाही.
जेल रोडच्या डॉक्टरांनी पंप दिला.
दुसऱ्यांनी छातीचा फोटो खिडकीशी धरला, म्हणाले, स्वच्छ.
मी सवयीनं आधी कोपरे पाहिले.
सव्वीस वर्षं प्रेसमध्ये ताव उजेडाशी धरलेत मी,
टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं
की अख्खा ताव बाद, लाल पेन्सिलीची फुली.

जाऊबाई म्हणाल्या, लोळायला बरं निमित्त सापडलं.
आणि दिसायचंही ते निमित्तासारखंच:
खाटेवर पडून हसणारी, गप्पा मारणारी बाई
ओट्याशी गेली की ओठ निळे, कपाळाला घाम.
लोक दमले की आडवे होतात.
मी उभी राहून दमायचे, नुसती उभी राहून.
कुकरच्या शिट्या मोजायच्या त्या स्टुलावर, डोकं भिंतीला टेकून.
देवळालीच्या तोफांचा सराव सुरू झाला
की तावदानं थरथरायची, मीही.
तावदानांना कुणी म्हणत नव्हतं, मनावर घेऊ नका.

मग कोकणीपुऱ्यातली सायमा.
इको काढणारी, पंचविशीची, हातावर मेंदीचा उतरता रंग.
काकू, आता उठून बसा, असंच बघू.
इतक्या महिन्यांत मला बसवून बघणारी ती पहिली.
मिठाचं पाणी दोन सिरिंजांतून इकडून तिकडे घुसळलं,
फेसाळलं तसं शिरेत सोडलं.
पडद्यावर उजवा कप्पा भरून आला,
सोड्याची बाटली फोडावी तसा.
ते बुडबुडे फुप्फुसात जाऊन विरायचे असतात.
एक ठोका. दुसरा.
डावीकडच्या काळोखात एक ठिपका,
मग सात, मग मोजता येईनात.
सायमा बोट दाखवू लागली,
मला दाखवायची गरज नव्हती.
भोक मला कळतं.

जन्मायच्या आधी सगळ्यांनाच असतं म्हणे.
तेव्हा श्वास उसना, आईचा,
आणि रक्ताची ये-जा त्या दारातून.
पहिल्या रडण्याला दार लोटलं जातं, मागाहून कडी बसते.
कुणाकुणाची बसत नाही, आणि कळतही नाही.
माझं लोटलेलंच राहिलं, सदुसष्ट वर्षं.
आता पाठीला बाक आला, काळीज जरा कलंडलं,
उभं राहिलं की फट किलकिली होते
आणि श्वास न लागलेलं रक्त
रांग मोडून पुढं घुसतं.

इतकं साधं. आधी राग आला, मग हसू.
आई सांगायची, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये
मी रडायला फार उशीर केला,
सुईणीनं पाय धरून उलटं टांगलं तेव्हा कुठं.
डॉक्टर म्हणाले, त्याचा याच्याशी संबंध नाही.
नसेल.

मांडीच्या शिरेतून वर नेली एक इवली छत्री,
मिटलेली, आत जाऊन उघडली, दोन्ही बाजूंनी.
मी जागीच होते.
छताची एक फरशी तिरकी बसवलेली,
ती तेवढ्यात बाद केली.

दुसऱ्या दिवशी सायमानं चिमटा लावला.
बसा. पंच्याण्णव.
उभ्या राहा. पंच्याण्णव.
ती आकड्याकडे बघत राहिली, मी माझ्या पावलांकडे.

घरी आले त्या संध्याकाळी जाऊबाई आल्या, पेरू घेऊन.
बस गं कुमुद, दमशील.
दूध तापत होतं.
ते वर येईपर्यंत उभी राहिले,
मग गॅस बंद करून,
काही काम नसताना,
आणखी थोडा वेळ.